‘हे कशावरून?’ : मानव्यविद्येचं संशोधन व्हिडिओत मांडताना

इतिहास, भाषा, साहित्य, पुरातत्त्व अशा विषयांत पीएचडी करणारी मुलंमुली यूट्यूब चॅनल काढायचंय म्हणून सल्ला मागतात, तेव्हा पहिला प्रश्न हमखास कॅमेऱ्याचा असतो. त्याचं उत्तर फार लांबत नाही. हातातला फोन पुरतो. पैसे घालायचेच असतील तर कॉलर माइकवर घाला. चित्र जरा धूसर असलं तरी लोक बघतात, आवाज घुमत असेल तर लगेच निघून जातात. खरं घोडं अडतं ते पुढे, स्क्रिप्ट लिहायला बसल्यावर.

माझं संशोधन जुन्या व्यापारी पत्रव्यवहारावर आहे. प्रबंधाचं एखादं प्रकरण समोर ठेवून त्याचा सोपा व्हिडिओ करायला बसलं की आपोआप निष्कर्ष गोळा होत जातात. अमुक काळात व्यापार असा चालायचा, तमुक कारणाने तो बदलला. वाक्यं सुटसुटीत होतात, पण वीस वर्षांच्या मुलाने ती का ऐकावीत, याचं उत्तर त्यांत नसतं. निष्कर्ष त्याला फोनवर केव्हाही शोधता येतात. तो निष्कर्ष निघाला कसा, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगितलेलं नसतं. पाठ्यपुस्तकात सगळं आधीच ठरून आलेलं असतं. ‘इतिहास तर होऊन गेला, त्यात आता नवं काय शोधणार?’ हा प्रश्न मला अजून येतो आणि विचारणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. म्हणून मी व्हिडिओच्या मध्यभागी पुरावा ठेवते आणि तिथून निष्कर्षापर्यंत प्रेक्षकाला बरोबर घेऊन जाते. बाकी सगळी तंत्रं याच्या नंतर.

एक उदाहरण घेऊ, माझ्या विषयाबाहेरचं. क्रीट बेटावर क्नोसॉस इथे आर्थर एव्हान्स यांना १९०० पासूनच्या उत्खननात मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांवरच्या एका लिपीला ‘लिनिअर बी’ असं नाव पडलं. लिपी वाचता येत नव्हती आणि तिच्यामागची भाषा कोणती, तेही ठाऊक नव्हतं. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने ती उलगडली आणि भाषा ग्रीक निघाली. इतकंच सांगितलं तर ती नुसती माहिती होते, संध्याकाळपर्यंत विसरली जाते.

आता हेच मधून सुरू करा. ॲलिस कोबर नावाच्या प्राध्यापिका या लिपीमागे लागल्या होत्या. महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती, तेव्हा मिळेल त्या पाठकोऱ्या कागदाची त्यांनी कार्डं कापली आणि ती सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवली. अशी सुमारे १,८०,००० कार्डं. त्यांतून त्यांना दिसलं की काही शब्द तीन-तीन रूपांत भेटतात. सुरुवातीची चिन्हं तीच, शेवटची बदलतात. म्हणजे ही शब्दाला प्रत्यय लागणारी भाषा असणार. एकाही चिन्हाचा उच्चार माहीत नसताना भाषेच्या व्याकरणाबद्दल काही ठामपणे म्हणता आलं! व्हिडिओत ती तीन रूपं एकाखाली एक लावा, काही न बोलता थोडा वेळ तशीच राहू द्या आणि विचारा, काय दिसतंय? बघणाऱ्याला ते स्वतःला दिसतं. त्याने ज्या क्षणी ते ओळखलं, त्या क्षणी त्याने भाषाशास्त्रातला एक छोटा तुकडा स्वतः करून पाहिला. कुठल्याही सोप्या व्याख्येने हे साधत नाही.

कोबर १९५० मध्ये गेल्या, उलगडा व्हायच्या दोन वर्षं आधी. स्वतः व्हेंट्रिस बराच काळ ही भाषा एट्रुस्कनच्या, म्हणजे इटलीतल्या एका प्राचीन भाषेच्या, जवळची असावी असं धरून चालले होते. शेवटी पाट्या वाचल्या गेल्या तेव्हा निघालं काय, तर मेंढ्या, लोकर, तेल यांचे हिशेब. आणि न भाजलेल्या मातीच्या या पाट्या टिकल्या त्याही राजवाड्यांना लागलेल्या आगीत भाजून निघाल्या म्हणून. फसलेली अटकळ, रुक्ष हिशेब, आग या गोष्टी प्रबंधात तळटीपेत जातात. व्हिडिओत त्यांनाच वर आणायचं असतं. (संशोधकाने माध्यमांत बोलणं उथळपणाचं आहे असं कोणी म्हणालं, तर एवढं सांगा की व्हेंट्रिस यांनी आपला उलगडा १ जुलै १९५२ रोजी बीबीसी रेडिओवर जाहीर केला, भाषाशास्त्रज्ञ जॉन चॅडविक यांच्याबरोबरचा शोधनिबंध त्यानंतर आला.)

सुरुवातीबद्दल थोडं. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठे गळतात याचा आलेख मिळतो. माझ्या जवळजवळ सगळ्या व्हिडिओंत सर्वांत मोठा उतार पहिल्या अर्ध्या मिनिटात आहे. ‘नमस्कार मित्रांनो, आजच्या व्हिडिओत आपण पाहणार आहोत’ हे वाक्य काढून थेट कागद दाखवला की उतार कमी होतो. इथवर ठीक. पण याच आलेखाच्या मागे लागून अनेक जण एका हुकमी वाक्याकडे वळतात: ‘तुम्हाला शाळेत खोटं शिकवलं!’ ते चालतं, यात शंका नाही. मी ते वापरत नाही, नव्यानेही वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं नव्हती हे सांगायला छान विषय आहे, पण त्यात कोणी कट केलेला नाही. १८७६ मध्ये जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर यांच्या संगीतिकांसाठी कार्ल एमिल डोप्लर यांनी वेशभूषा केली, त्यातून ती शिंगं लोकांच्या डोक्यात पक्की बसली. एक रंगमंचावरचा पोशाख एवढा कसा पसरला, हे खोटेपणाच्या आरोळीपेक्षा जास्त रंजक आहे. शिवाय ‘सगळे खोटं सांगतात’ हे ऐकायची सवय लागलेला प्रेक्षक उद्या तुमच्या पुराव्यालाही तेच म्हणतो. प्रेक्षकसंख्या कमी राहिली तरी चालेल, हा सौदा तोट्याचा आहे.

अनिश्चितता कशी दाखवायची, हा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. लेखी भाषेत आपण ‘बहुधा’, ‘असे दिसते’ पेरत जातो. बोलताना प्रत्येक वाक्यात ते आलं की माणूस घाबरून बोलतोय असं वाटतं. मी हे काम चित्रावर सोपवलं आहे. प्रत्यक्ष पुरावा, म्हणजे पत्र, शिक्का, नकाशा, नेहमी फोटोतच दिसतो. माझा तर्क असेल तिथे साधी रेघांची चित्रं येतात. दोन-तीन व्हिडिओ पाहिलेल्याला हा फरक न सांगता कळतो. एआयने बनवलेली जुन्या काळाची हुबेहूब दृश्यं याच कारणासाठी मी घेत नाही. खरी वाटणारी कृत्रिम दृश्यं असतील तर तसं जाहीर करायची अट यूट्यूबने २०२४ पासून घातली आहे, पण प्रेक्षकाच्या लक्षात चित्र राहतं, त्याखालची सूचना राहत नाही.

चित्रांच्या हक्कांकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. सुदैवाने मुक्त साठा मोठा आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये सुमारे ३,७५,००० प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या, अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेने २०२० मध्ये २८ लाख. विकिमीडिया कॉमन्सही आहेच. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असेल तर त्यातली अक्षरं नीट वाचा. ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापराला मनाई असते, आणि व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या की तुम्ही त्या मनाईत सापडू शकता. अभिलेखागारात वाचायला मिळालेल्या कागदाचा फोटो काढायची परवानगी वेगळी आणि तो जगाला दाखवायची वेगळी. लेखी मागा. उत्तराला वेळ लागतो, तोवर दुसरा विषय घ्या.

कागदांपेक्षा माणसांच्या बाबतीत जास्त काळजी लागते. मुलाखतींवर आधारित संशोधन असेल, तर त्या माणसाने संमती दिली होती ती प्रबंधासाठी, जो मार्गदर्शक, परीक्षक आणि आणखी थोडे लोक वाचतील. व्हिडिओ त्याचे शेजारी, नातेवाईक, कामावरचे लोक बघणार. जुनी सही दाखवून हे रेटू नये. पुन्हा जाऊन विचारायचं, कापलेला भाग त्याला ऐकवायचा आणि तो नको म्हणाला तर काढायचा. नाव बदललं, चेहरा झाकला तरी आवाजावरून माणूस ओळखू येतो. मुलाखतीतला नेमका सर्वांत चांगला तुकडाच असा सोडावा लागतो, असा माझा अनुभव आहे. त्या जागी मी काहीच भरत नाही, व्हिडिओ तेवढा छोटा होतो.

लांबीचं फार मनावर घेऊ नका. माझ्या बोलण्याच्या वेगाने मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द जातात, म्हणजे आठ मिनिटांना हजार. त्यात एकच पुरावा आणि एकच प्रश्न मावतो. शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत वाढली आहे. त्यात कागदाचा एखादा तपशील दाखवता येतो, युक्तिवाद नाही. स्क्रिप्ट मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडायचं. सबटायटल्स स्वतः तपासा, कारण आपोआप तयार होणाऱ्या मजकुरात विशेषनामांची पार वाट लागते.

कॉमेंटमध्ये मी ‘छान’ आणि ‘बकवास’ दोन्ही ओलांडून ‘हे कशावरून?’ शोधते. तो विचारणाऱ्याला पानाच्या क्रमांकासह उत्तर देते. कधीकधी उलटंही होतं. मालाची एकच यादी दोन वेगळ्या क्रमांनी का लिहिली असावी, असा प्रश्न मी एका व्हिडिओत मोकळा सोडला होता. गोदामात काम करणाऱ्या एका मुलाने लिहिलं, एक चढवायचा क्रम असेल, दुसरा उतरवायचा. इतर याद्यांशी ताडून पाहिलं तर बऱ्याच ठिकाणी ते जुळलं. टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसाचे आभार प्रबंधात कसे मानायचे, यावर माझी आणि माझ्या मार्गदर्शकांची बरीच चर्चा झाली. शेवटी त्याला विचारून टोपणनावच छापलं.

मार्गदर्शकांना चॅनलबद्दल आधीच सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका. अप्रकाशित निष्कर्ष व्हिडिओत टाकायचे की शोधनिबंध येईपर्यंत थांबायचं, हे त्यांच्याशी बोलूनच ठरवा; मी थांबते. नेमणूक किंवा बढतीच्या वेळी व्हिडिओंना क्वचितच किंमत मिळते, त्यामुळे प्रबंधाचे तास त्यात जाऊ देऊ नका. एडिटिंग हा तास गिळणारा भाग आहे. महिन्याला एक व्हिडिओ झाला तरी पुरे.

आणि चूक निघाली तर काय करायचं, हे पहिल्या व्हिडिओआधीच ठरवून ठेवा. यूट्यूबवर त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही. फार तर मधला तुकडा कापता येतो. सनावळीची किंवा उच्चाराची चूक असेल तर पिन केलेल्या कॉमेंटमध्ये आणि वर्णनात दुरुस्ती तारखेसह लिहावी. युक्तिवादच ज्यावर उभा आहे तो पुरावा चुकीचा निघाला, तर व्हिडिओ खाजगी करून नवा करावा. आधीचं काय चुकलं होतं, ते नव्या व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगावं. जुने व्ह्यूज जातात, ते जाऊ द्यावेत.