न्युएवर ॲक्शनपट करायचाय? आधी बॅटऱ्यांचं लेबल वाचा

शॉट डिव्हिजन, कॉलशीट, बजेट हे तुम्हाला येतं असं धरून लिहितेय. मी ऑकलंडमध्ये प्रॉडक्शनची कामं करते. दक्षिण प्रशांत महासागरातल्या न्युए बेटावर एका अगदी कमी बजेटच्या ॲक्शनपटाचं प्रॉडक्शन मी सांभाळलं. बेट साधारण 260 चौरस किलोमीटरचं, वस्ती दोन हजारांच्या आत. कॅमेरा कुठेही लावा, फ्रेम देखणीच येते. पण लाइट्स-कॅमेऱ्याचं सामान तिथे भाड्याने मिळेल या भरवशावर जाऊ नका. लागेल ते सगळं विमानातून न्यायचं.

आणि विमानात अडतं ते बॅटऱ्यांवर. चेक-इन काउंटरवरची ती सकाळ आठवली की आजही पोटात गोळा येतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात, चेक-इनच्या बॅगेत टाकता येत नाहीत. 100 वॉट-अवरपर्यंतच्या (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं हे माप) चालतात. 100 ते 160 मधल्या माणशी दोनच, त्याही एअरलाइनने आधी मंजुरी दिली तर. 160 च्या वरच्या प्रवाशाला नेताच येत नाहीत. आमच्या भाड्याच्या किटमध्ये 190 च्या व्ही-माउंट (कॅमेऱ्याच्या मागे अडकवायच्या मोठ्या बॅटऱ्या) निघाल्या आणि त्या ऑकलंडलाच राहिल्या. रात्रीची सगळी मारामारी त्यांच्यावर बेतलेली! पुढचं विमान काही दिवसांनी, मालवाहू जहाज त्याहून उशिरा.

म्हणून दुकानदार ‘फ्लाइटला चालतात’ म्हणाला तरी एकेक बॅटरी हातात घेऊन लेबल वाचा. वॉट-अवर लिहिलेले नसतील तर व्होल्ट गुणिले मिलीअँपिअर-अवर, भागिले 1000. 14.8 व्होल्ट आणि 6600 असेल तर 97.7, म्हणजे चालेल. 6600 च्या जागी 10,000 असेल तर 148, म्हणजे मंजुरी हवी. ड्रोनच्या बॅटऱ्याही याच हिशोबात धरा. टोकांना चिकटपट्टी लावा, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवा, युनिटमधल्या माणसांत वाटून द्या आणि कोणाकडे काय दिलं ते लिहून ठेवा. मंजुरीचा कागद छापून जवळ ठेवा, फोनमधल्या ईमेलवर विसंबू नका.

घाबरून जाऊ नका मात्र. 98 च्या छोट्या बॅटऱ्यांवर अख्खा सिनेमा होतो. चार्जर जास्तीचे न्या आणि चार्जिंगची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या, बस.

बंदुकीच्या ब्लँक गोळ्या, म्हणजे नुसता आवाज आणि जाळ काढणाऱ्या, स्फोटकांत मोडतात. तो कागदपत्रांचा व्याप आपल्या बजेटला झेपत नाही. नळीतला जाळ शूटनंतर, पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये कॉम्प्युटरवर टाका. रबरी बंदुका न्यायच्या तरी कस्टम्स आणि पोलिसांना आधी कळवा.

बोटींचा पाठलाग लिहिला असेल तर स्पष्ट सांगते, काढून टाका. न्युए हे समुद्रातून वर उचललं गेलेलं प्रवाळ बेट आहे, बंदर नाहीच. राजधानी अलोफीच्या धक्क्यावर बोट क्रेनला अडकवून पाण्यात सोडतात आणि काम झालं की तशीच वर घेतात. पश्चिमेकडून मोठ्या लाटा आल्या की तेही बंद. पूर्वेला टोगो नावाच्या घळीच्या वाटेवर चुनखडीचे सुळके आहेत, सुरीच्या पात्यासारखे. तिथे नुसता गुडघा टेकला तरी पँटसकट कातडी जाते. धावणं-पडणं गावच्या हिरवळीवर घ्या, सुळक्यांवर फक्त क्लोजअप. बेटावर एकच रुग्णालय आहे, गंभीर दुखापत झाली तर न्यूझीलंडला हलवावं लागतं. तो खर्च देणारा विमा नसेल तर स्टंट करूच नका.

‘परवानगी मागत बसू नका, शूट करून मोकळे व्हा’ असं शिकवणारे सीनियर भेटतील. मला हा सल्ला मुळीच पटत नाही. तिथली जमीन कुटुंबांची आहे, गुहेकडे जाणारी पायवाटसुद्धा कोणाच्या तरी मालकीची. घरी जाऊन विचारा, सीन काय आहे ते सांगा. आम्ही विचारलं तेव्हा लोकांनी वाट तर दाखवलीच, वर सामान उचलायला पोरं पाठवली.

ऑकलंडहून शनिवारी निघालेलं विमान तिथे शुक्रवारी उतरतं, मध्ये तारखेची रेषा आहे. भाड्याचे दिवस कोणत्या कॅलेंडरने मोजणार ते करारात लिहून घ्या. रविवारी गाव चर्चमध्ये असतं, त्या दिवशी शूट नको. बॅकअप घ्या आणि युनिटला झोपू द्या. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम, म्हणून मे-जून बरा. जुलैपासून व्हेल बघायला पर्यटक येतात, तेव्हा जायचं असेल तर खोल्या विमानाच्या तिकिटांआधी पक्क्या करा.