मालिकेचे संवाद लिहिणाऱ्याने संगीत नाटक कसं लिहावं

रात्री अकराला फोन येतो, "ताई, सीन बदललाय, सकाळी सातची शिफ्ट आहे." मी चहा ठेवते आणि लिहायला बसते. 14 वर्षं दैनंदिन मालिकांचे संवाद लिहितेय. त्याच काळात दोन संगीत नाटकं लिहिली. नवी मुलं विचारतात, मालिकेने हात बिघडतो का? नाही बिघडत. रोज अमुक पानं द्यायची म्हणजे द्यायचीच, ही शिस्त नाटकालाही लागते. फक्त एक सवय सोडावी लागते.

मालिका बघणारी बाई पोळ्या लाटत असते, मध्येच कुकर बघायला आत जाते. म्हणून आपण पात्राच्या मनातलं सगळं तोंडाने वदवतो, वर तेच पुन्हा दुसऱ्याकडून वदवतो. संगीत नाटकात असं केलंत तर पदाला, म्हणजे पात्राच्या गाण्याला, काही उरत नाही. पात्र रडून, बोलून मोकळं झालं आणि मग पेटी वाजली, तर प्रेक्षक खुर्चीत सरकून बसतो.

तेव्हा आधी पूर्ण प्रवेश गद्यात लिहा, गाण्याचा विचार न करता. मग मोठ्याने वाचा. जिथे तुम्ही एकच भावना तीन वाक्यांत फिरवलीय, तिथे पेन्सिलने खूण करा. बहुतेकदा पद तिथेच असतं. ती तिन्ही वाक्यं कापा. कापताना जीव जातो, हे खरं आहे.

माझ्या नाटकात लालबागच्या चाळीतली खोली सोडणारी विधवा आहे. तिला मी आधी दोन पानांचं स्वगत दिलं होतं. ते काढून दोन ओळी लिहिल्या:

घर आवरले, उरली खुंटी
तीवर सदरा कुणी न टांगी

प्रत्येक ओळीत 16 मात्रा, म्हणजे आठ मात्रांच्या केरवा तालाची दोन आवर्तनं. कागदावर चोख. तालमीत मात्र चालीने ओळीचा शेवट वरच्या सुरांत नेला आणि आमच्या नटीचा आवाज त्या 'ई'वर आवळायला लागला. वर लांबवायचा सूर 'आ'वर मोकळा लागतो. रात्री ओळी बदलल्या:

घर आवरले, खिळा राहिला
सदरा त्याचा कुणी न नेला

मात्रा तेवढ्याच, शेवट 'ला'वर. आणि अर्थही सुधारला, कारण आता तो सदरा तिथेच लटकतोय. म्हणून संगीतकाराकडे पद पाठवून देऊन थांबू नका, पेटीशेजारी जाऊन बसा. जोडाक्षरं लांब सुरावर ठेवू नका. चाल आधी आली असेल तर ती मोबाइलवर रेकॉर्ड करून लोकलमध्ये ऐका, दहिसर ते दादर ऐकत गेलात की ठेका अंगात मुरतो.

इंग्लंडचा विली रसेल मला या कामात फार जवळचा वाटतो. लिव्हरपूलकडचा, लिहायला लागण्याआधी हेअरड्रेसर होता. 1977 मध्ये त्याने बीबीसीसाठी शाळेच्या सहलीवर 'अवर डे आउट' लिहिलं, पुढे त्याचंच संगीत नाटक केलं. 'ब्लड ब्रदर्स' तर आधी शाळेतल्या मुलांसाठीचं छोटं नाटक होतं. 1983 मध्ये ते लिव्हरपूलला संगीत नाटक म्हणून आलं. संवाद, गीतं, संगीत सगळं त्याचंच. 1988 मध्ये लंडनला पुन्हा उभं राहिलं ते 2012 पर्यंत चाललं. त्यातल्या आईचं लग्न, पोरं आणि नवऱ्याचं सोडून जाणं हे सुरुवातीच्या एका गाण्यात उरकतं. आपण मालिकेत त्यावर कित्येक महिने काढले असते. वर्षं पुढे ढकलायची असतील तर पदासारखं साधन नाही, हे मी तिथून शिकले. आणि आधी छोटं नाटक बसवून बघायचं, हेही. तुम्हीही एकांकिकेपासून सुरुवात करा.

पैशांचं थोडक्यात सांगते. मालिकेत एपिसोडमागे मिळतात, नाटकात प्रयोगामागे मानधन ठरतं. म्हणून मालिका एकदम सोडू नका. माझ्या पहिल्या नाटकाच्या वेळी सगळं तोंडी ठरलं होतं. बाराव्या प्रयोगानंतर निर्मात्याने फोन उचलणं बंद केलं. प्रयोगामागच्या मानधनाचा आकडा, जाहिरातीत नाव, पदांचे हक्क, सगळं कागदावर घ्या. मालिकेची कथा कुणाला ऐकवण्याआधी अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन ती नोंदवून ठेवा. नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, वेळेत द्या, प्रमाणपत्राशिवाय प्रयोग लावता येत नाही. पदंही संहितेतच जोडा.

पहिल्या प्रयोगाला विंगेत उभं राहायचा मोह होतो. नका राहू. शिवाजी मंदिर असो की दीनानाथ, बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत वही घेऊन बसा. पदाचा कुठला शब्द वाद्यांत बुडाला ते लिहा. कुठल्या वाक्याला खोकले सुरू झाले तेही लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी, मालिकेचा फोन यायच्या आत, ती वाक्यं कापून दिग्दर्शकाला पाठवा.