उन्हाळी भौतिकशास्त्र शिबिर : या चुका टाळा

लातूर परिसरातील शाळकरी मुलांसाठी मे महिन्यात आम्ही भौतिकशास्त्राचे अनौपचारिक शिबिर घेतो. सकाळी व्याख्यान आणि दुपारी प्रयोग अशी त्याची आखणी असते. दरवर्षी मुले नवी येतात, चुका मात्र त्याच असतात. त्यांपैकी न जुळलेले वाचन खोडून टाकण्याची चूक मला सर्वांत गंभीर वाटते.

एका वर्षी नववीच्या एका गटाने एक मीटर लांबीच्या लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढले. वहीत वीस आंदोलनांचा वेळ 40.1 सेकंद आणि उत्तर 9.82 असे नोंदलेले होते, परंतु त्या जागी कागद घासून पातळ झाला होता. वही उजेडात धरली तेव्हा खाली 38.2 हा आकडा दिसला. त्यावरून उत्तर 10.82 येते, म्हणून मुलांनी पुस्तकातील 9.8 वरून उलटे गणित करून वेळच बदलला होता. मी त्यांना रागावलो नाही, फक्त पुन्हा मोजायला सांगून शेजारी उभा राहिलो. गोळा सोडून स्टॉपवॉच सुरू करतानाच मोजणारी मुलगी ‘एक’ म्हणाली. म्हणजे ती ‘वीस’ म्हणेपर्यंत आंदोलने एकोणीसच होत होती. 20/19 चा वर्ग सुमारे 1.11 येतो आणि आमच्याकडील सुमारे 9.78 या मूल्याला त्याने गुणले की 10.8 मिळते. चूक कुठे झाली हे तो खोडलेला आकडाच सांगत होता, आणि मुलांनी नेमका तोच पुसला होता.

तेव्हापासून मी प्रयोगाच्या खोलीत खोडरबर आणू देत नाही. वाचन पेनाने लिहायचे आणि चुकले तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. मोजणी ‘शून्य’ पासून करायची, तीही पहिली दोन-तीन आंदोलने जाऊ देऊन, गोळा मध्यातून जात असताना. उत्तर आधी पाहून कृती मागाहून जुळवण्याची सवय परीक्षेच्या तयारीतून लागते आणि प्रयोगात ती घातक ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावी. पारा 42 अंशांवर असला तरी वाचन घेताना पंखा बंद ठेवावा. अॅमीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना कधीही जोडू नये.

स्थिरविद्युतेच्या प्रयोगांना आमची उन्हाळ्यातील कोरडी हवा फार अनुकूल असते. मात्र पाहुण्या व्याख्यात्यांसाठी खोलीत पाण्याचा कूलर लावला की हवेत ओलावा येतो, घासलेला फुगा भिंतीला चिकटत नाही आणि स्वयंसेवक फुग्यांनाच दोष देत बसतात. अशा वेळी मी कूलर बंद करून दारे-खिडक्या उघडतो आणि अर्धा तास थांबतो. एवढे थांबण्याची ज्यांची तयारी नसते, ते चित्रफीत दाखवून मोकळे होतात. मला ते मान्य नाही, कारण मुले शिबिराला येतात ती स्वतःच्या हातांनी करून पाहण्यासाठी.

शून्य सावलीचा दिवस लातूरला मेच्या मध्यास येतो. त्या दिवशी पुष्कळ जण घड्याळात बारा वाजता काठी रोवतात, सावली शिल्लक पाहून निराश होतात आणि आत निघून जातात. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखावृत्ताची आहे आणि लातूर त्याच्या सुमारे सहा अंश पश्चिमेस असल्याने सूर्य माथ्यावर येण्यास 12.20 होतात. मी गवंड्याचा ओळंबा लावून काठी सरळ करून घेतो आणि 12.05 पासून 12.35 पर्यंत दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायला लावतो.