दिवाळीचे ऑफर-मेल स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून गणपतीपासूनची तयारी

दिवाळीच्या ऑफरचे मेल ग्राहकांच्या इनबॉक्समध्ये पडायला हवे असतील तर तयारीला गणपतीतच लागा. मधले आठेक आठवडे पुरतात, फार उरत नाहीत. वर्षभर गप्प असलेल्या डोमेनवरून (मेल-पत्त्यातलं @ च्या पुढचं नाव) धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एकदम वीस हजार मेल सुटले, की जीमेलला तो स्पॅमरच वाटतो.

पाठवणाऱ्याचा पत्ता स्वतःच्या डोमेनचा हवा, जीमेलचा चालणार नाही. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत, एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ती सूचना) अशा तीन नोंदी लागतात. नेहमीचा घोटाळा एसपीएफमध्ये होतो. ऑफिसच्या मेलसाठी एक नोंद आधीच असते, एकगठ्ठा मेल पाठवणारी नवी मेल-सेवा घेतली की कुणीतरी दुसरी जोडतं, आणि मग दोन्ही निकामी होतात. त्यात रोजची बिलंही अडकतात. नोंद एकच ठेवा, नवी सेवा तिच्यातच 'इन्क्लूड' करा आणि डीएनएस लुकअप (नोंद तपासताना डीएनएसकडे होणाऱ्या विचारणा) दहाच्या वर जाऊ देऊ नका. एका इन्क्लूडच्या पोटातले लुकअपही यात मोजले जातात. डीकेआयएमची की, म्हणजे सहीची किल्ली, २०४८ बिटची घ्या. डीमार्क सुरुवातीला 'नन'वर (काहीच अडवू नका) ठेवून रिपोर्ट मागवा.

आता स्वतःला एक मेल पाठवून जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडा. तिन्हींपुढे 'पास' दिसायला हवं. एसपीएफ आणि डीकेआयएम पास, पण डीमार्क फेल असेल, तर पडताळणी तुमच्या नव्हे, मेल-सेवेच्या डोमेनवर झालेली असते. सेवेच्या सेटिंगमध्ये आपलं डोमेन जोडलं की हे सुटतं.

जीमेलवर दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही सक्तीचं आहे. शिवाय मार्केटिंगच्या मेलला एका क्लिकचं अनसबस्क्राइब, म्हणजे यादीतून नाव काढून घ्यायची सोय, लागतं. ते मेलच्या हेडरमध्ये (मजकुराआधीच्या, वाचकाला न दिसणाऱ्या तांत्रिक माहितीत) असावं लागतं, तळाशी नुसती लिंक देऊन भागत नाही. नाव दोन दिवसांत काढायचं.

पण खरा निकाल पत्त्यांच्या यादीवर लागतो. स्पॅमच्या तक्रारी ०.१० टक्क्याखाली ठेवायच्या, ०.३० टक्क्याला कधीच पोहोचायचं नाही. म्हणजे इनबॉक्समध्ये पोहोचलेल्या ५,००० मेलमागे पाच तक्रारी झाल्या की सावध व्हायचं आणि पंधरा झाल्या की घात झाला. म्हणून विकत घेतलेली यादी वापरूच नका. प्रदर्शनात गोळा केलेल्या व्हिजिटिंग कार्डांवरचे पत्तेही विचारल्याशिवाय घालू नका. वर्षभर एकही मेल न उघडणारे बाजूला काढा. 'पत्ता अस्तित्वात नाही' म्हणून परत आलेला पत्ता त्याच दिवशी कायमचा वगळा.

मजकुरात एकच मोठं चित्र टाकून मोकळं होऊ नका, वाचता येईल असा मजकूरही हवा. मराठी मेलची आणखी एक अडचण म्हणजे वजन. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षर साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट खातं, आणि जीमेल १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं. कापलेल्या भागात अनसबस्क्राइबची लिंक गेली, की वैतागलेला माणूस सरळ स्पॅमचं बटण दाबतो. वर्डमधून पेस्ट केलेलं फॉरमॅटिंग काढून टाका, बरंच वजन बहुधा तिथेच असतं.

पाठवायला सुरुवात नुकतीच खरेदी केलेल्या दोन-तीनशे ग्राहकांपासून करा आणि दर आठवड्याला आकडा साधारण दुप्पट करत न्या. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्स या साधनातला स्पॅमच्या तक्रारींचा आकडा लगेच दिसत नाही, म्हणून दिवाळीची यादी तीन-चार तुकड्यांत, मध्ये दोन दिवस सोडून पाठवा. आकडा चढलेला दिसला, तर पुढचा तुकडा थांबवा.