साथीच्या काळात किशोरवयीनांचे शालेय लसीकरण चालू ठेवण्याची तयारी

तान्ह्या बाळाची लस चुकली तर ती घरात कोणाच्या तरी लक्षात येते; तेरा वर्षांच्या मुलीची चुकली तर बहुधा कोणाच्याच येत नाही. या वयाची मुले आजारी पडल्याखेरीज दवाखान्याची पायरी चढत नाहीत, आणि म्हणूनच धनुर्वात-घटसर्पाची वर्धक मात्रा, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरची एचपीव्हीची लस, मेनिन्गोकोकल मेंदूज्वराची लस किंवा लहानपणी राहून गेलेली गोवर-रुबेलाची मात्रा अनेक देशांत शाळेतच दिली जाते. २०२० च्या एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मोजणीनुसार १५० कोटींहून अधिक विद्यार्थी घरी बसले होते, म्हणजे लस घेण्याची त्यांची ठरलेली जागाच बंद झाली होती. पुढे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी आकडे मांडले, तेव्हा २०१९ पर्यंत एचपीव्ही लसीकरणाने जी व्याप्ती गाठली होती तिच्यापैकी चतुर्थांशाहून अधिक गमावलेली दिसली. पुढच्या साथीतही शाळा बंद होतील असे धरून चालावे आणि शालेय लसीकरणाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांनी पुढील तयारी शाळा भरत असतानाच करून ठेवावी.

सर्वांत आधी यादी हाताशी असावी. लसींचा साठा पुन्हा मागवता येतो, मनुष्यबळ दुसरीकडून आणता येते, पण कोणत्या मुलाला कोणती मात्रा कधी मिळाली हे सांगणारी नोंदवही शाळेच्या कपाटात अडकली तर पुढचे काहीच हलत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका शाळेत नेमके हेच झाले होते: नोंदवही कपाटात, कपाटाची किल्ली लिपिकाकडे आणि लिपिक गावी. तीन आठवडे आम्ही पालकांना फोन करून ‘मागच्या वर्षी दंडावर सुई टोचली होती का’ असे विचारत बसलो आणि निम्म्या घरांतून ‘टोचली असेल’ एवढेच उत्तर मिळाले. म्हणून शाळा बंद होण्याची कुणकुण लागताच यादीची एक प्रत आरोग्य केंद्रात आणि एक लसीकरण पथकाच्या प्रमुखाकडे पोहोचलेली असावी. तिच्यात मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, दिलेल्या प्रत्येक मात्रेचा दिनांक व बॅच क्रमांक आणि पालकांचे दोन दूरध्वनी क्रमांक असावेत. दोन अशासाठी की साथीत रोजगार गेला की पहिला क्रमांक बंद पडतो. ही माहिती खासगी असल्याने प्रत कोणाकडे आहे याचीही नोंद ठेवावी.

ही यादी इयत्तेनुसार न करता जन्मवर्षानुसार करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. साथीच्या वर्षात मुले परीक्षेविना वरच्या वर्गात जातात, कुटुंबासह स्थलांतर करतात, शाळा सोडून कामाला लागतात. ‘सातवीच्या मुली’ असा गट धरला तर दोन वर्षांनी तो गट कुठेच सापडत नाही, ‘अमुक साली जन्मलेल्या मुली’ मात्र सापडतात. शाळेत नाव नसलेली त्याच वयाची मुलेही स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मदतीने याच यादीत घ्यावीत.

यानंतर लसीकरण चालू ठेवायचे की थांबवायचे, आणि ते कोणी ठरवायचे, हे लेखी असावे. जागतिक आरोग्य संघटनेने २६ मार्च २०२० रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सामूहिक मोहिमा तात्पुरत्या पुढे ढकलाव्यात, पण नियमित लसीकरण शक्य तेथे सुरक्षितपणे चालू ठेवावे, असा भेद केला होता. शालेय सत्र या दोहोंच्या सीमेवर पडते: काम नियमित, पण रूप गर्दीचे. त्यामुळे अनेक ठिकाणी कोणी स्पष्ट निर्णय न घेताच ते बंद पडले. साथीच्या धावपळीत नियमित लसीकरण मागे पडण्याची किंमत किती असते हे काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने पाहिले आहे. तेथे २०१८ ते २०२० या काळात इबोलाने देशाच्या पूर्व भागात सुमारे २,३०० जीव घेतले, आणि २०१९ च्या आरंभापासून २०२० च्या जानेवारीपर्यंत गोवराने ६,००० हून अधिक. म्हणून लसीकरण स्थगित करण्याच्या प्रत्येक आदेशात ते पुन्हा कधी तपासायचे ती तारीख लिहिलेली असावी. तारखेविना दिलेली स्थगिती कोणी उठवत नाही.

सगळ्यांना एकदम बोलावता येणार नाही, तेव्हा प्राधान्यक्रम आधीच ठरलेला असावा. शाळेच्या शेवटच्या वर्गातील मुले पहिली घ्यावीत, कारण ती वर्षअखेर कोणत्याच यादीत राहणार नाहीत. त्यानंतर पंधराव्या वर्षाकडे चाललेल्या, एचपीव्हीची एकही मात्रा न मिळालेल्या मुली. जागतिक आरोग्य संघटना ही लस प्रामुख्याने ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी सांगते, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या निर्मूलनासाठी २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस मिळावी हे तिचे उद्दिष्ट आहे. डिसेंबर २०२२ पासून तिने ९ ते २० या वयोगटासाठी एका मात्रेचे वेळापत्रकही पर्याय म्हणून मान्य केले आहे. ते आपल्या देशाने स्वीकारले असेल तर साथीत निम्मे काम हलके होते. मात्र रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या मुलींना एकाहून अधिक मात्रा लागतात, त्यामुळे त्यांच्या नावापुढे वेगळी खूण असावी. दोन मात्रांमधले अंतर लांबले म्हणून वेळापत्रक पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, राहिलेली मात्रा तेवढी द्यायची असते, हे पथकातील प्रत्येकाला ठाऊक असावे. ते ठाऊक नसल्याने ‘आता उशीर झाला’ म्हणून परत पाठवलेली मुले मी पाहिली आहेत.

संमतीपत्राची वाट शाळा बंद असताना वेगळी असते, कारण दप्तरातून चिठ्ठी पाठवण्याची सोय उरत नाही. संदेशाद्वारे, दूरध्वनीवरून किंवा घरपोच कागदावर यांपैकी कोणती संमती कायद्याने ग्राह्य आहे हे आधी विचारून घ्यावे, आणि दूरध्वनीवरील संमती ग्राह्य असल्यास ती घेणाऱ्याने वेळ, नाते व स्वतःचे नाव लिहावे. संमतीपत्रातच मागील लसीनंतर झालेला तीव्र त्रास, गंभीर ॲलर्जी, गर्भधारणेची शक्यता आणि चालू औषधे विचारावीत. या वयाच्या मुलीशी तिच्या लसीबद्दल थेटही बोलावे. दंड तिचा असतो.

जागा निवडताना मोकळे मैदान, छप्पर असलेला व्हरांडा किंवा समोरासमोर खिडक्या असलेले सभागृह चालते; आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा मार्ग वेगळा हवा. रुग्णांची तपासणी चालू असलेल्या दवाखान्यात सुदृढ मुलांना बोलावू नये. बोलावण्याची वेळ अंदाजाने न देता हिशेब करून द्यावी. नाव पडताळणे, प्रश्न विचारणे, हात स्वच्छ करणे, लस देणे आणि नोंद करणे यांत एका मुलामागे चार मिनिटे धरली तर एका टेबलावर तासाला १५ मुले होतात. लसीनंतर १५ मिनिटे बसवायचे असल्याने त्या टेबलामागे कोणत्याही क्षणी चार मुले बसलेली असतात, आणि दोन टेबले असतील तर अंतर राखून आठ खुर्च्या लागतात. दिवसाला दोनशे मुलांची पत्रे आधी वाटून मग खुर्च्या मोजायला गेले की दारात गर्दी होतेच. ताप, खोकला असलेल्या किंवा घरात बाधित रुग्ण असलेल्या मुलाला दारातूनच परत न पाठवता पुढची तारीख हातात देऊन पाठवावे.

शीतसाखळीच्या, म्हणजे लस टोचेपर्यंत सतत थंड ठेवण्याच्या, बाबतीत साथीमुळे नियम बदलत नाहीत, पण चुका वाढतात, कारण पथक नवे आणि जागा अनोळखी असते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी, आणि एचपीव्ही, टीडी (धनुर्वात-घटसर्प) व हिपॅटायटिस बी या लसींना उष्णतेइतकेच, किंबहुना अधिक, गोठण्याचे भय असते. फ्रीझरमधून काढलेला आइस पॅक थेट व्हॅक्सिन कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या पेटीत, ठेवू नये. तो टेबलावर ठेवावा, त्यावर दव जमून पाणी ओघळू लागले की उचलून कानाशी हलवावा आणि आत बर्फाभोवती पाणी डुचमळल्याचा आवाज आला तरच कॅरियरमध्ये भरावा. सकाळच्या घाईत या थांबण्याचा सगळ्यांना कंटाळा येतो, म्हणून पथक निघण्याच्या वेळेत त्यासाठीची मिनिटे धरूनच वेळापत्रक करावे. गोवर-रुबेलाच्या लसीची पावडर द्रावणात मिसळल्यावर ती कुपी सहा तासांत किंवा सत्र संपताच, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, टाकून द्यायची असते. मुले थोडी-थोडी येणार असल्याने कुपी उघडण्याची वेळ तिच्यावरच लिहावी. शाळा बंद असलेल्या महिन्यांत साठ्याची मुदत संपत असते, तेव्हा आधी मुदत संपणाऱ्या कुपी पुढे ठेवून दर महिन्याला मोजणी करावी.

संरक्षक साधनांविषयी अतिरेक आणि हयगय दोन्ही दिसतात. लस देणाऱ्याने मुखपट्टी लावावी आणि प्रत्येक मुलानंतर हात स्वच्छ करावेत. हातमोजे मात्र त्वचा शाबूत असेल तर सुई टोचण्यासाठी आवश्यक नसतात, आणि एकाच जोडीने वीस मुलांना हात लावणे हे मोजे न घालण्याहून वाईट. वापरलेली सुई टोपण न लावता थेट सेफ्टी बॉक्समध्ये जावी आणि तो तीन चतुर्थांश भरला की बंद करावा.

किशोरवयीनांत लसीनंतर भोवळ येण्याचे प्रमाण लहान मुलांहून जास्त असते, आणि साथीच्या भीतीत ते आणखी वाढू शकते. लस बसवून किंवा आडवे करून द्यावी, उपाशी आलेल्याला आधी काही खायला द्यावे, रांगेतल्या मुलांना टेबल दिसणार नाही असा आडपडदा असावा आणि निरीक्षणाच्या खुर्च्यांशेजारी एक सतरंजी अंथरलेली असावी. एकीला भोवळ आली की तिला पाय उंच करून आडवे करावे आणि बाकीच्यांपासून दूर न्यावे. कोलंबियातील कार्मेन दे बोलिवार या गावी २०१४ मध्ये एचपीव्ही लसीनंतर शेकडो मुलींना सामूहिक मानसिक ताणातून लक्षणे दिसली, त्यांची चित्रे सर्वत्र फिरली आणि देशातील लसीकरणाचा विश्वासच ढासळला. आज ती चित्रे मिनिटभरात फिरतील, म्हणून निरीक्षणाच्या जागी चित्रीकरणाला मनाई असावी आणि पालकांशी बोलणारी एकच व्यक्ती ठरलेली असावी. खरी तीव्र ॲलर्जी विरळ असते, पण तिची तयारी प्रत्येक टेबलाशी हवी: ॲड्रेनॅलिन, प्रति किलो वजनास ०.०१ मिलिग्रॅम आणि कमाल ०.५ मिलिग्रॅम या मात्रेचा तक्ता, मांडीच्या बाहेरील मध्यभागी स्नायूत ते देता येणारी प्रशिक्षित व्यक्ती आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक.

साथीवरची नवी लस आली की नेहमीच्या लसीसोबत ती द्यावी का, हा प्रश्न येतो आणि त्यापायी दोन्ही खोळंबतात. कोविडच्या वेळी अमेरिकेत आरंभी दोहोंत १४ दिवसांचे अंतर सांगितले गेले आणि मे २०२१ मध्ये ती अट काढली गेली. अशा सूचना बदलत असल्याने ताज्या परिपत्रकाची तारीख टेबलावर लावावी आणि दोन लसींसाठी दोन वेगवेगळ्या रंगांची नोंदपत्रे वापरावीत.

सत्र संपले की त्याच संध्याकाळी यादीवर खुणा कराव्यात, पालकांकडे मात्रेचा दिनांक लिहिलेले कार्ड गेले आहे याची खात्री करावी आणि न आलेल्यांची वेगळी यादी काढावी. त्या यादीतील प्रत्येक घरी आठवड्याच्या आत फोन जावा, फोन न लागल्यास कर्मचारी जावा, आणि कारण ‘आले नाही’ एवढेच न लिहिता ‘आजारी’, ‘गावी’, ‘नकार’, ‘निरोप मिळाला नाही’ असे लिहावे, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. उरलेल्यांच्या सत्राची तारीख पहिल्या सत्राच्या पत्रातच छापलेली असावी, आणि शाळा पुन्हा उघडल्यावर हजेरीपटासोबत ही यादी वर्गशिक्षकांच्या हाती द्यावी.