ह्यांचं पोट आणि ह्यांची गोळी

घरात पार्किन्सनचं माणूस असेल तर हाताच्या थरथरीइतकंच लक्ष पोटाकडे द्या. थरथर सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधीच बद्धकोष्ठता लागलेली असू शकते. आमच्या ह्यांचंही तसंच. गिरगावात चाळीतला सामायिक संडास, त्यामुळे सकाळी कोणाला किती वेळ लागतो ते अख्ख्या मजल्याला पाठ!

अशा पेशंटच्या आतड्यात ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवणारे जिवाणू कमी आढळतात. ब्युटिरेटवर आतड्याचं अस्तर पोसतं. हे आजाराचं कारण की परिणाम, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. तेव्हा मोबाईलवर जाहिरात येते ती महागडी मायक्रोबायोम टेस्ट (पोटातल्या जिवाणूंची तपासणी) करू नका. तिच्यावरून ना निदान होतं, ना औषध ठरतं. ते पैसे भाजीवाल्याला द्या.

कारण या जिवाणूंना हवा असतो चोथा. ज्वारीची भाकरी, सालासकट मुगाची उसळ, भेंडी, लाल माठ, पपई. एकदम वाढवलंत तर पोट डमरूसारखं फुगतं, म्हणून हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर द्या. इसबगोल पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यायचा. गिळताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका.

आता गोळी. लेव्होडोपा हे पार्किन्सनचं मुख्य औषध. ती लहान आतड्यातून ज्या वाटेने रक्तात जाते, त्याच वाटेने डाळ-अंड्या-मासळीतली अमिनो आम्लंही जातात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, नाहीतर जेवणानंतर तासाभराने. मळमळलं तर सोबत एखादं साधं बिस्कीट चालतं. पण प्रथिनं बंद करायची नाहीत हं, माणूस खंगतो. शिवाय एन्टरोकोकस फीकॅलिस नावाचा जिवाणू लेव्होडोपाचं आतड्यातच डोपामिन (मेंदूला हालचालींसाठी लागणारं रसायन) करून टाकतो, असं 2019 मध्ये प्रयोगांतून दिसलं. हे डोपामिन मेंदूत पोचत नाही, आणि लेव्होडोपा वाटेतच फुकट जाऊ नये म्हणून गोळीत घातलेलं कार्बिडोपा त्या जिवाणूला अडवू शकत नाही.

मी कालनिर्णयच्या चौकटीतच लिहिते: गोळी कधी घेतली, अंग कधी सुटलं, पोट साफ झालं का. ते पान फाडून न्यूरोलॉजिस्टसमोर ठेवते. तोंडी सांगायला गेलं की हे मध्येच "सगळं ठीक आहे" म्हणतात!

उलट्या झाल्या तर जवळच्या दवाखान्यात आधी पार्किन्सन आहे म्हणून सांगा. उलट्यांवर देतात त्या मेटोक्लोप्रामाइड औषधाने हा आजार बळावतो. पोट फुगून उलट्या होत असतील, वाराही सरत नसेल किंवा शौचातून रक्त पडलं, तर घरगुती उपाय नकोत, थेट हॉस्पिटल गाठा.