न्यूर्नबर्गचा नाताळबाजार : निघण्याआधीची तयारीची यादी

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा. जर्मनीतल्या न्यूर्नबर्गच्या बाबतीत सर्वात महाग पडणारी चूक तारखेची असते. मुलांना नाताळची सुट्टी लागली की निघू, 25 ला पोहोचू आणि 1 जानेवारीला परतू असा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब. पण तिथला बाजार 24 डिसेंबरला दुपारीच आवरतो. 25 ला हाउप्टमार्क्ट या मुख्य चौकात गेलात, तर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाची ती प्रसिद्ध छपरं तुम्हाला दिसणार नाहीत. आपल्याकडे कंदील, पणत्या, कपडे यांची धांदल लक्ष्मीपूजनाच्या आधी असते, तसंच हे. तिथली खरी मजा नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत आहे. त्या काळाला आडव्हेंट म्हणतात आणि 24 च्या संध्याकाळपासून सण घरात जातो.

तारीख काढायची रीत सोपी आहे. 25 डिसेंबरच्या आधीचे चार रविवार मोजा. त्यातला पहिला तो आडव्हेंटचा पहिला रविवार, आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी बाजार उघडतो. 2026 मध्ये हा शुक्रवार 27 नोव्हेंबरला येतो, 2027 मध्ये 26 नोव्हेंबरला. जायचं तर या शुक्रवारपासून 20 डिसेंबरपर्यंतचे चार-पाच दिवस निवडा आणि त्यातले निदान तीन दिवस सोमवार ते गुरुवार यांतले ठेवा. शनिवारी आसपासच्या गावांतून, शेजारच्या देशांतूनही बस भरून लोक येतात. मग दोन टपऱ्यांमधल्या वाटेवर गर्दी नेईल तिकडे जावं लागतं. मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर शनिवार दुसऱ्या गावासाठी राखून ठेवा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. पण शेवटच्या दिवसांवर विसंबू नका, सप्टेंबरमध्येच अपॉइंटमेंट घेऊन ठेवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवासविमा किमान 30,000 युरोचा लागतो.

विमानाचं तिकीट काढताना पुढच्या रेल्वेचाही विचार करा. फ्रँकफर्ट विमानतळाला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे. तिथून न्यूर्नबर्ग साधारण अडीच तास. म्युनिकहून अंतर कमी आहे, जलद गाडीला तासाभरापेक्षा थोडं जास्त लागतं, पण त्याआधी विमानतळावरून लोकलने चाळीसेक मिनिटं शहरात यावं लागतं. मोठ्या बॅगा असतील तर फ्रँकफर्ट सोयीचं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जर्मन रेल्वेचं आगाऊ काढलेलं सवलतीचं तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असली, की ते तिकीट वाया जातं. म्हणून उतरण्याच्या दिवशी कोणत्याही गाडीला चालणारं तिकीट घ्या आणि सवलतीचं परतीसाठी ठेवा. पाच जणांपर्यंतचा गट असेल तर बायर्न-तिकीट पाहा (बायर्न म्हणजे बव्हेरिया, न्यूर्नबर्ग ज्या राज्यात आहे ते). ते सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 पासून चालतं, शनिवार-रविवारी दिवसभर, पण फक्त प्रादेशिक गाड्यांना. आयसीई या जलद गाडीत बसलात तर दंड होतो.

कपड्यांत एकच जाड जॅकेट घेऊन भागत नाही. बाहेर तापमान शून्याच्या आसपास, दुकानात आणि मेट्रोत मात्र चांगली ऊब. आतून थर्मल, मध्ये लोकर, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट असे तीन थर केले की काढता-घालता येतात. अंगालगत सुती बनियन नको. दुकानात घाम येतो, सुती कापड ओलं राहतं आणि बाहेर आल्यावर तीच ओल गारठवते. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पायांकडे. बाजारात चालणं कमी आणि उभं राहणं जास्त असतं. दगडी फरसबंदीचा गारठा पातळ तळव्याच्या स्पोर्ट्स शूजमधून अर्ध्या तासात वर चढतो, मग टोपी-मफलर कितीही गुंडाळा, उपयोग नाही. जाड रबरी तळव्याचे आणि अर्धा नंबर मोठे बूट घ्या, म्हणजे लोकरीचे मोजे आत घट्ट बसणार नाहीत. घट्ट मोज्यांत रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट लवकर बधिर होतात. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. आपला दोन गोल पिनांचा चार्जर तिथे बहुधा चालतो, तीन पिनांचा चालत नाही.

रोख पैसे आणि सुटी नाणी वेगळ्या छोट्या पाकिटात ठेवा. कार्ड सगळ्या टपऱ्या घेतीलच असं नाही आणि सार्वजनिक स्वच्छतागृहाला नाणी लागतात.

आता प्रत्यक्ष बाजार. तो साधारण सकाळी 10 ते रात्री 9 उघडा असतो. डिसेंबरात सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. आकाश गडद निळं, दिवे नुकते लागलेले आणि ऑफिसातली गर्दी अजून आलेली नाही, अशी साडेचार ते साडेपाचची वेळ सर्वात सुंदर. खरेदी मात्र सकाळी उरकून घ्या, तेव्हा विक्रेत्याला वस्तू हातात देऊन समजावून सांगायला वेळ असतो. बरोबर 12 वाजता फ्राउएनकिर्शे चर्चच्या दर्शनी भागाकडे तोंड करून उभे राहा. 1509 पासूनच्या तिथल्या घड्याळातून सम्राट निवडणाऱ्या सात मानकऱ्यांच्या मूर्ती बाहेर येतात आणि सम्राट चौथ्या कार्लभोवती तीन फेऱ्या घालतात. दोन-चार मिनिटांत सगळं संपतं, म्हणून पाच मिनिटं आधी जागा धरा. चुकामूक झाल्यास भेटायची जागा म्हणून चौकातलं सोनेरी, मनोऱ्यासारखं 19 मीटर उंच कारंजं ठरवून ठेवा. त्याच्या जाळीतली कडी फिरवून इच्छा मागायची पद्धत आहे, त्यामुळे मुलांना ते लगेच लक्षात राहतं. मुलांच्या मनगटाला फोन नंबरची पट्टी बांधा. बाबागाडी नेऊ नका, दगडांवर ती धड चालत नाही.

उद्घाटनाचा शुक्रवार साधत असेल तर संध्याकाळी साडेपाचच्या सोहळ्यासाठी तास-दीड तास आधी चौकात पोहोचा. दिवे विझवले जातात आणि चर्चच्या सज्जात सोनेरी केसांची, मुकुट घातलेली, सोनेरी-पांढऱ्या झग्यातली ख्रिस्टकिंड येते आणि पद्यातून लोकांना बाजाराचं आमंत्रण देते. लाल कपड्यातला सांता इथला मानकरी नाही, भेटवस्तू आणते ती ख्रिस्टकिंड. दर दोन वर्षांनी शहरातल्या 16 ते 19 वयाच्या मुलींमधून तिची निवड होते. 2019 मध्ये निवडलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतातले. काही लोकांनी तिच्या रंगरूपावरून वाईट शेरे मारले, तेव्हा शहर तिच्या मागे उभं राहिलं. एरवीही ख्रिस्टकिंड ठरलेल्या वेळी बाजारात मुलांना भेटते, तुम्ही जाल त्या वर्षीचं वेळापत्रक शहराच्या संकेतस्थळावरून निघण्याआधीच उतरवून घ्या. त्यातच शाळकरी मुलांच्या कंदील-मिरवणुकीची तारीख असते. डिसेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी, स्वतः केलेले कागदी कंदील घेऊन मुलं किल्ल्याच्या टेकडीकडे चालत जातात. एकच संध्याकाळ निवडायची असेल तर ही निवडा. सोबत लहान मुलं असतील तर जवळच हान्स-साक्स चौकात त्यांच्यासाठी वेगळा बाजार आहे, दुमजली फिरतं चक्र आहे. मुख्य बाजाराइतकाच वेळ त्याला द्या.

खाण्यापिण्याची तयारी म्हणजे आपल्याला काय चालतं ते आधी ठरवणं. इथले बोटाएवढे सॉसेज, सात ते नऊ सेंटिमीटरचे, डुकराच्या मांसाचे असतात. तीन सॉसेज एका पावात घालून देतात, त्याला 'द्राय इम वेगला' म्हणतात. शाकाहारी मंडळींसाठी सर्वात भरवशाचे म्हणजे साखरेत परतलेले बदाम आणि भाजलेले चेस्टनट. बटाट्याचे कुरकुरीत थालीपिठासारखे काटोफेलपुफर सफरचंदाच्या गराबरोबर मिळतात, पण त्यात अंडं असू शकतं, विचारून घ्या. आंबवलेल्या कोबीत डुकराची चरबी किंवा मांसाचे तुकडे बरेचदा असतात, जेलीच्या गोळ्यांत बहुधा प्राणिज जिलेटिन असतं.

ग्ल्यूवाइन म्हणजे दालचिनी, लवंग, संत्र्याची साल घालून तापवलेली वाइन. न्यूर्नबर्गला ब्लूबेरीची ग्ल्यूवाइन जरूर घ्या. मुलांसाठी आणि दारू न घेणाऱ्यांसाठी 'किंडरपुन्श' मागा, तो फळांच्या रसाचा असतो. पेय चिनी मातीच्या मगात मिळतं आणि मगाची अनामत वेगळी घेतात. टोकन दिलं तर जपून ठेवा, मग त्याच टपरीवर परत द्या म्हणजे पैसे मिळतात. आवडला तर परत करू नका, अनामत हीच त्याची किंमत, आणि ती चोरी ठरत नाही. मात्र बदलून कोरा, धुतलेला मागून घ्या, देतात. पेग्नित्स नदीकाठी फॉयरत्सांगनबोवलं मिळतं. वाइनवर साखरेचा सुळका ठेवून त्यावर कडक रम ओतून पेटवतात आणि वितळलेली साखर खाली ठिबकते. ते गोड लागतं म्हणून भराभर प्यायलं जातं. एका मगावर थांबा आणि त्याआधी पोटात काहीतरी असू द्या.

लेबकूखन म्हणजे इथला मसालेदार गोड नाताळी केक; त्यासाठी बॅगेत आधीच दोन किलोची जागा मोकळी ठेवा. इथे लोक फसतात ते साखरेच्या नक्षीने 'प्रिय' वगैरे लिहिलेल्या, दोरीने गळ्यात अडकवायच्या हृदयाच्या आकारांना. तो पिठाचा कडक प्रकार, भिंतीवर टांगायला ठीक. घ्यायचा तो 'एलीझन' लेबकूखन. त्यात बदाम, अक्रोड किंवा हेझलनट मिळून किमान 25 टक्के असावेच लागतात आणि पीठ 10 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. एक तोडून पाहा. खाली चर्चमधल्या प्रसादासारखी पांढरी पातळ चकती असते, ती खायचीच असते, सोलू नका. वर गडद तपकिरी गर, बोटाने दाबला तर दबणारा, सुकामेव्याचे कण उघडे दिसणारे, आणि लवंग-दालचिनीच्या मागून संत्र्याच्या सालीचा किंचित कडवटपणा. पाकिटावरच्या घटकांत पीठ पहिलं आणि सुकामेवा चौथा असेल तर ठेवून द्या. यातही अंडं असतं हे घरी देताना सांगा. तीन प्रकार मिळतात, साधा, साखरेचा पातळ थर दिलेला आणि चॉकलेटचा. मुंबईच्या डिसेंबरातही चॉकलेट मऊ होतं, म्हणून घरी न्यायला पहिले दोन. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ते कित्येक आठवडे टिकतात. कडक झाले तर सफरचंदाची एक फोड कागदावर ठेवून डब्यात ठेवा, एक-दोन दिवसांत मऊ होतात. फोड दोन दिवसांनी काढा, नाहीतर बुरशी धरते.

भेटीसाठी सोनेरी पत्र्याच्या झग्यातला देवदूत किंवा सुक्या आलुबुखारांच्या शरीराची, अक्रोडाच्या डोक्याची छोटी बाहुली या अस्सल इथल्या वस्तू. देवदूताच्या चुण्या दबतात, म्हणून दुकानातूनच कडक खोका मागून घ्या. पाणी भरलेला बर्फाचा काचगोळा हातसामानात नको, सुरक्षातपासणीत काढून घेऊ शकतात.

24 चा दिवस तिथेच असाल तर किराणा 23 लाच भरा. दुकानं 24 ला दुपारी 2 पर्यंतच, मग 25 आणि 26 सुट्टी. 2026 मध्ये 27 ला रविवार आहे आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, म्हणजे सलग तीन दिवस दूध-पावसुद्धा मिळणं मुश्कील. नेहमीची औषधं जवळ हवीतच. 24 च्या संध्याकाळी बरीचशी रेस्टॉरंटंही बंद असतात, जेवण आधी राखून ठेवा किंवा खोलीवरच करा. मग सेंट लोरेन्झ किंवा सेंट झेबाल्ड चर्चच्या प्रार्थनेला जा. प्रवेश मोफत, कुठल्याही धर्माचे असा, पण पाऊण तास आधी बसा आणि प्रार्थना चालू असताना फोटो काढू नका. लोरेन्झमध्ये वर टांगलेलं, 500 वर्षांपूर्वीचं फाइट श्टॉस यांचं लाकडी शिल्प आहे, मारिया आणि देवदूत गुलाबांच्या भल्यामोठ्या माळेत. ते दिवसा उजेडी एकदा वेगळं पाहून ठेवा.

आणि सुट्टीच जुळत नसेल, 25 नंतरच पोहोचणार असाल, तर न्यूर्नबर्गऐवजी मुक्काम बामबेर्गला ठेवा. रेल्वेने तासाभरात. तिथल्या चर्चमध्ये आणि संग्रहालयांत मांडलेले येशूजन्माचे देखावे 6 जानेवारीच्या सुमारापर्यंत पाहता येतात. 6 तारखेला बायर्नमध्ये सुट्टी असते, खरेदी त्याआधी उरका. त्याच सुमारास मुकुट घातलेली मुलं गाणी म्हणत घरोघरी फिरतात आणि दारावर खडूने वर्षाचा आकडा आणि सी, एम, बी ही अक्षरं लिहून जातात. तुमच्या भाड्याच्या घराच्या दारावर आली तर द्यायला थोडी नाणी दारापाशीच ठेवा.